तंबाखू, ताण आणि तरुण कामगार

तरुण कामगार तंबाखूकडे वळतो तो निव्वळ बेफिकिरीमुळे, असे मानणारा उपदेशकांचा एक वर्ग आपल्याकडे आहे. पाकिटावर रोगग्रस्त मुखाचे चित्र छापले आणि ३१ मे रोजी एखादे व्याख्यान झाले, की या वर्गाचे कर्तव्य संपते. मुलगा पहिल्यांदा तळहातावर तंबाखू मळतो तो कोणत्या परिस्थितीत, हे तपासण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे, तंबाखूचे सेवन करीत होती. रोज सेवन करणाऱ्या तरुणांनी सुरुवात केली ती सरासरी १८.९ व्या वर्षी. शिक्षण सुटून कामाचा शोध सुरू होतो, तेच हे वय!

ठेकेदाराच्या हाताखालील कामगार, रात्रपाळीचा पहारेकरी, लांब पल्ल्याचा ट्रकचालक यांना तंबाखू दोन गोष्टी देतो: भूक मारतो आणि झोप उडवतो. अपुऱ्या मजुरीवर व अमर्याद तासांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला याहून सोयीचा पदार्थ कोणता? ताण हलका झाल्याचा भास होतो, तोही फसवाच. शरीरातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, बेचैनी सुरू होते, आणि पुढच्या चिमटीने ती शमली की मूळचा ताणच गेला असे वाटते. वास्तविक तंबाखू स्वतः निर्माण केलेला ताणच तेवढा शमवीत असतो.

दुसरे कारण संगतीचे. कामावर आलेल्या नव्या पोराला चुन्याची डबी पुढे करणे ही त्याला आपल्यात घेण्याची रीत आहे. नकार दिला तर तो परका ठरतो. शिवाय जेथे विश्रांतीची सुट्टी मागता येत नाही, तेथे विडी ओढण्यापुरती उसंत मुकादमही देतो. दम खाण्याचा हक्क असा व्यसनाच्या आडून मिळवावा लागतो.

याच असहायतेवर नफेखोरी पोसली जाते. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणली, तर वेलदोड्याच्या नावाने सिनेनट तेच छाप पडद्यावर मिरवू लागले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकले जाऊ लागले. आणि सरकारी मालकीचे आयुर्विमा महामंडळ देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे बडे भागधारक आहे! एका हाताने इशारा छापायचा आणि दुसऱ्या हाताने लाभांश घ्यायचा, हा दुटप्पीपणा जनतेसमोर मांडलाच पाहिजे.

२०२५ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. त्यामुळे आठ तासांचा दिवस, पाळीच्या मध्यात सक्तीची विश्रांती आणि कायम नोकरी या मागण्या आरोग्याच्याही मागण्या आहेत, हे प्रत्येक सभेत सांगितले पाहिजे. त्याचबरोबर हा लढा घराघरांत तुकड्याच्या दराने विड्या वळणाऱ्या भगिनींविरुद्ध नाही, हेही ठामपणे सांगितले पाहिजे. त्यांना पर्यायी रोजगार देण्याची जबाबदारी सरकारची आहे.

एक कर्तव्य मात्र आपले स्वतःचे आहे. शाखेच्या खोलीत, युवक संघटनेच्या शिबिरात आणि संपाच्या मंडपात नवा कार्यकर्ता प्रथम पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्यापुढे काय येते? मैत्रीची खूण म्हणून तेथेही डबीच पुढे येत असेल, तर ठेकेदाराच्या गोदामात आणि आपल्या खोलीत फरक तो काय राहिला? ज्येष्ठ साथींनी ही सवय प्रथम आपल्यापासून मोडावी. नव्या साथीला जवळ घेण्यासाठी वृत्तपत्र आहे, अभ्यासवर्ग आहे, चहाचा पेला आहे. ज्याला एकटे वाटत नाही आणि ज्याला लढण्याची वाट दिसते, त्या तरुणाला तंबाखू सोडणे सोपे जाते. ती सोबत देणे हे संघटनेचेच काम आहे.