निधी कोणाच्या नावे येतो आणि कोणाच्या दारी जातो?

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव सुपारीच्या आगरांसाठी, केवड्यासाठी आणि समुद्राच्या पुळणीसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. याच गावी शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा एक ताम्रपट मिळालेला असून मराठी भाषेच्या जुन्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोन्यासंबंधीचा एक व्यवहार माणसांच्या नावांनिशी त्यात कोरलेला आहे. ज्यांच्या धनाची नोंद झाली त्यांची नावे साडेनऊशे वर्षांनंतरही वाचता येतात. त्याच भूमीवर आपल्या पूर्वजांनी किती कष्ट उपसले याची नोंद मात्र कोणत्याच पत्र्यावर नाही, कारण लेखणी त्यांच्या हाती येऊच दिली नव्हती.

आज लेखणी आपल्या हाती आहे. तेव्हा दिवेआगरच्या आणि कोकण किनाऱ्यावरील प्रत्येक गावच्या बौद्ध कुटुंबांना माझा एकच प्रश्न आहे. गावाचा विकास आराखडा ज्या दिवशी लिहिला जातो, त्या दिवशी ग्रामसभेत आपल्या वस्तीतील किती माणसे बसलेली असतात?

गावात येणारा पैसा कोणा पुढाऱ्याच्या खिशातून येत नाही. फलक तेवढे त्याच्या नावाचे लागतात. हा पैसा येण्याचे मार्ग कायद्याने आखलेले आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातील ८० टक्के रक्कम महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या वाट्यास ठेवण्यात आली आणि ती खर्चण्यासाठी ग्रामसभेत ठरलेला आराखडा आवश्यक करण्यात आला. दुसरा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने ही समिती निर्माण झाली, १९९८ साली राज्याने तिचा कायदा केला आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत अनुसूचित जाती उपयोजनेचा भाग वेगळा असतो. त्यातूनच अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना चालते: अंतर्गत रस्ते, पिण्याचे पाणी, गटारे, वीज, समाजमंदिर. यांखेरीज ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावी, असा दंडक आहे. पर्यटकांची रीघ लागलेल्या गावात घरपट्टी वाढते, उत्पन्न वाढते. मग त्या १५ टक्क्यांची रक्कमही वाढलीच पाहिजे. ती किती वाढली, असे तुमच्यापैकी कोणी कधी विचारले आहे काय?

सार्वजनिक पैसा आणि माणुसकीचे हक्क यांची सांगड याच जिल्ह्याला नवीन नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सरकारी पैशाने बांधलेली पाणवठ्याची स्थाने सर्वांस खुली ठरली. पुढे १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका किंवा जो लोकल बोर्ड पहिला ठराव अमलात आणणार नाही त्याचे सरकारी अनुदान बंद करावे, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच तळे खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. आपण त्या पायऱ्या आठवतो आणि त्यामागील पैशाचा प्रश्न विसरतो. ज्या संस्थेला सर्वांच्या कराचा पैसा मिळतो तिने तो सर्वांसाठीच खर्चिला पाहिजे, आणि न खर्चिल्यास तिचा हात आखडला पाहिजे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी कुलाबा जिल्ह्याच्या दाराशी येऊन ठेपला होता.

आता ३ जून २०२० हा दिवस आठवा. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यांनी जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. शासनाने मदत वाढविली. फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, असा दर ठरला. बागायतदाराचे नुकसान खरेच मोठे होते आणि त्याला मदत मिळाली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. परंतु ही मदत सातबाऱ्यावरील नावाकडे गेली. जो माणूस त्या पोफळीवर चढून शिपुटे उतरवीत होता, जी बाई खळ्यात बसून सुपारी सोलत होती, तिचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. पोफळ पुन्हा फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात, तेवढी वर्षे तिची मजुरीही बुडते. या बुडालेल्या मजुरीसाठी मदतीच्या कोष्टकात रकानाच नव्हता. नियोजन करणाऱ्यांना ती बाई दिसली नाही, कारण त्यांच्या लेखी नुकसान जमिनीचे होते, माणसाचे नव्हे.

त्याच वर्षी राज्याने चौपाट्यांवर कुटी उभारण्याचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या आठ किनाऱ्यांत दिवेआगरची निवड झाली. ८० टक्के रोजगार स्थानिकांस द्यावा, अशी त्यात अट आहे. अट चांगली आहे. पण 'स्थानिक' म्हणजे कोण? ज्याच्या हाती भांडवल आहे तोही स्थानिक आणि ज्याला त्या कुटीत खरकटी भांडी घासावी लागतील तोही स्थानिकच! वस्तीतील तरुणांच्या किंवा महिला बचत गटाच्या नावे परवाना मागावयाचा असेल तर तशी मागणी आराखड्याच्या वेळीच लेखी झाली पाहिजे. मागाहून केलेली ओरड कोणी ऐकत नाही. २०२४ साली कोकण किनाऱ्यावरील १,६३५ गावांसाठी सिडकोस विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची अधिसूचना निघाली, तेव्हा गावोगावी विरोध उठला. त्या गदारोळात बागांच्या व जमिनींच्या मालकांचा आवाज ऐकू आला. बौद्धवाडीतील घराखालची जमीन कोणाच्या नावे आहे आणि गावठाणाची हद्द वाढविताना ती वस्ती आत येते की बाहेर राहते, हा प्रश्न फार थोड्यांनी केला.

जमिनीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणचे शेतकरी मुंबईच्या कायदेमंडळावर चालून गेले. खोती कायद्याने १९४९ साली गेली, तरी भूमिहीन भूमिहीनच राहिला. त्याच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची योजना आहे: चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन. २०१८ पासून तीत संपूर्ण अनुदान मिळू लागले, पण खरेदीची मर्यादा जिरायतीस एकरी पाच लाख आणि बागायतीस आठ लाख अशी घातली गेली. समुद्रकाठच्या गावात, जेथे प्रत्येक गुंठ्यावर हॉटेलवाल्यांची नजर आहे, तेथे या भावाने जमीन विकणारा मनुष्य कोठून आणावयाचा? मराठवाड्यातील माळरानास आणि रायगडच्या किनाऱ्यास एकच माप लावणे याला नियोजन म्हणावयाचे असेल तर मग अन्याय कशाला म्हणावयाचे?

वर राज्याच्या पातळीवर काय चालते तेही पाहा. २०२५ साली सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळविण्यात आले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांनी २०१३ सालीच उपयोजनेच्या निधीला कायद्याचे कुंपण घातले. आपल्याकडे मंत्र्याची नाराजी हेच कुंपण!

परंतु सारा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे मला पसंत नाही. आपल्या कित्येक वस्त्यांनी पहिली मागणी कमानीची केली आहे. कमानीखालून आत गेले की गटार उघडे, नळ कोरडा! समाजमंदिराला माझा विरोध नाही; पण जेथे आयाबहिणी उन्हाळ्यात हंडे घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर उभ्या राहतात, तेथे पहिला रुपया पाण्यावरच पडला पाहिजे. दुसरी गोष्ट भीतीची. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना कोणीतरी सांगतो की, बौद्ध लिहिलेत तर योजना जातील. हे धादांत खोटे आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या, आणि राज्याच्या वस्ती विकास व रमाई आवास या योजनांच्या नियमांत 'नवबौद्ध' हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. धर्म लपवून घरकुल मागण्याची लाचारी कोणीही पत्करू नये.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा भरतात, आणि त्यांच्या आधी महिलांची सभा होते. नोटीस लागली की वस्तीतील स्त्री-पुरुषांनी आदल्या संध्याकाळी विहारात बसावे, तीनच कामे ठरवावीत आणि ती कागदावर लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून पोच घ्यावी. वस्तीचा पंचवार्षिक बृहत आराखडा पंचायत समितीमार्फत समाजकल्याण अधिकाऱ्यांकडे जातो. त्यात ही कामे चढली की नाही ते स्वतः पाहून यावे. १५ टक्क्यांचा हिशेब माहितीच्या अधिकाराखाली मागावा. ग्रामपंचायतीचे आराखडे संगणकावर सर्वांना खुले असतात, तेव्हा शिकलेल्या मुलाने ते उघडून घरच्यांना वाचून दाखवावेत. आणि सभेत ठराव झाला की त्याचा क्रमांक व तारीख वस्तीतील प्रत्येक घरी लिहून ठेवावी.