छत्तीस कडव्यांचा सिनेमा आणि आपली रोवणीची गाणी

मंडळी, या वीकांताला कोड जरा बाजूला ठेवू आणि एका जपानी सिनेमाबद्दल बोलू. नाव ‘फुयु नो ही’, म्हणजे ‘हिवाळ्याचे दिवस’. साल २००३. दिग्दर्शक किहाचिरो कावामोतो, बाहुल्यांच्या अ‍ॅनिमेशनमधला जपानचा फार मोठा माणूस.

सिनेमाचं मूळ आहे १६८४ सालचं. बाशो हा कवी नागोयाला गेला होता. तिथल्या कवींबरोबर बसून त्याने एक ‘रेंकू’ रचली. रेंकू म्हणजे साखळी-कविता. एकाने तीन ओळींचं कडवं म्हणायचं, दुसऱ्याने दोन ओळींचं जोडायचं, पुढच्याने परत तीन... अशी छत्तीस कडवी झाली की मैफल संपली. नियम मोठा गमतीचा आहे. नवं कडवं लगेच आधीच्या कडव्याशी जुळलं पाहिजे, पण त्याच्याही आधीच्यापासून मात्र दूर गेलं पाहिजे. म्हणजे एक सलग गोष्ट तयारच होऊ द्यायची नाही! आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी सांगायचं तर ही लिंक्ड लिस्ट आहे. प्रत्येक नोडला फक्त शेजारचा ठाऊक.

कावामोतोने ही छत्तीस कडवी पस्तीस अ‍ॅनिमेटर्सना वाटून दिली. पहिलं दिलं रशियाच्या युरी नॉर्स्टाइनला. वाऱ्यात, फाटक्या कपड्यांत बाशोला चिकुसाई नावाचा गोष्टीतला भोंदू वैद्य भेटतो, एवढंच त्यात आहे, पण बघत राहावं असं! दुसरं कावामोतोने स्वतः केलं. पुढे इसाओ ताकाहाता, बेल्जियमचा राउल सर्वे, कोजी यामामुरा... कुणी बाहुल्या, कुणी काचेवरचा रंग, कुणी संगणक. सिनेमा एकसारखा नाही. काही तुकडे डोक्यावरून जातात, काही संपूच नयेत असे वाटतात. मला वाटतं, मूळ कवितेशी इमान यातच आहे. दहा माणसांच्या मैफलीला एकाच्याच आवाजात गाऊन दाखवलं, तर ती मैफल कसली?

आता मुद्द्यावर येतो. आपण मराठी लोकांनी जपानकडून हायकू घेतला. शिरीष पै यांनी तो आपल्याकडे रुजवला, आणि छान रुजवला. पण हायकू हे मुळात या साखळीचं पहिलं कडवं. नंतरच्या काळात ते सुटं झालं. म्हणजे आपण इंजिन घरी आणलं, डबे तिकडेच राहिले. एकट्याने बसून लिहायची कविता आली, दुसऱ्याच्या हातात द्यायची राहून गेली.

आणि गंमत म्हणजे ही देवाणघेवाण आपल्याकडे आधीपासून होती. जात्यावर दोघी बसायच्या, एकीची ओवी संपली की दुसरी सुरू करायची. आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीला बायका बांधीत ओळीने वाकून उभ्या असतात. एक जण गाणं उचलते, बाकीच्या धरतात. रोवताना पाऊल मागे मागे पडतं, त्यामुळे डोळ्यासमोर असते ती नुकतीच रोवलेली ओळ. रेंकूचा नियम यापेक्षा वेगळा आहे का हो?

जात्याच्या ओव्यांचं नशीब बरं म्हणायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’ने २०१७ पासून त्या लोकांसमोर आणल्या, आवाजासकट. प्रचंड काम! पण झाडीबोलीतली रोवणीची गाणी हंगामाबरोबर येतात नि जातात. आता मजूर गटांचे ठेके आहेत, कुठे रोवणी यंत्र आहे, बांधाच्या पिशवीत मोबाइल वाजतोय. त्यात वाईट काही नाही. कंबर मोडणारं काम कमी झालं तर चांगलंच. पण गाणं गेलं की ‘आता तू म्हण’ हेही जातं. नुसत्या शब्दांच्या यादीत ते सापडत नाही.

म्हणून मला ‘फुयु नो ही’चा ढाचा हवाय. छत्तीस गाणी, छत्तीस अ‍ॅनिमेटर, प्रत्येकी एखादं मिनिट. प्रत्येकाने फक्त आधीचा तुकडा बघायचा नि आपला जोडायचा. कोणी म्हणेल, पैसा कुठून आणणार? अरे, एका मिनिटाचा तुकडा हा विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट असतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, अहमदाबादच्या एनआयडीत मुलं अ‍ॅनिमेशन शिकतात. मोठा स्टुडिओ लागतोच असं नाही.

माझ्या अटी मात्र तीन. आवाज बांधीतल्या बाईचाच, स्टुडिओतल्या गायिकेचा नाही. झाडीबोली ‘शुद्ध’ करायची नाही. खाली मराठी अक्षरं द्या हवी तर. आणि नामावलीत गाणारीचं नाव पहिलं, मानधनासकट. नाहीतर पुन्हा तेच... गाणं तिचं, बक्षीस आपलं.

असो. वाचणाऱ्यांत कोणी अ‍ॅनिमेशन शिकत असेल, तर येत्या पावसाळ्यात लाखांदूर-पवनीकडे या. पहिलं कडवं तुम्ही घ्या. दुसरं कोण घेतंय ते मग बघू.