पोंग्यातली अळी

बैलहोंगलहून मेव्हण्याचा फोन आला, की आमच्या घरात मराठी बाजूला पडते आणि कन्नड सुरू होते. २०२५च्या जुलैत असाच फोन आला. ऐकता ऐकता सौ.चा चेहरा उतरला. "हुळ बिद्दैत्री," एवढंच मला म्हणाली. पंचवीस दिवसांचा मका, तीन एकर, तोही सोसायटीचं कर्ज काढून पेरलेला.

मी मोठा जाणकार! "लगेच फवारणी कर," असा सल्ला फोनवरच देऊन टाकला. बिचाऱ्याने भर दुपारी वरवरची पानं भिजवली. चार दिवसांनी आम्ही दोघं गेलो, तर पोंग्यात तोच ओला भुसा. ही लष्करी अळी दिवसा पोंग्यात दडते आणि स्वतःच्याच विष्ठेचं बूच वर लावून घेते. औषध आत पोचणार कसं? डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय', शेपटाकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. मूळची अमेरिकेतली. भारतात पहिल्यांदा सापडली ती २०१८च्या मे महिन्यात, आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्याकडे.

सासूबाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. रयत संपर्क केंद्रात त्या चौकशी करून आल्या होत्या : नऊ भाग बारीक वाळू, एक भाग चुना, चिमूटभर प्रत्येक पोंग्यात. सकाळी सहाला पदर खोचून मायलेकी ओळीत शिरल्या, मागे मी वाळूची पाटी घेऊन. एकरभर असं केलं. उरलेल्या दोन एकरांत संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यावर धरून, पुन्हा फवारणी. औषधाचा खर्च दोनदा झाला, तो माझ्यामुळे.

पीक बऱ्यापैकी वाचलं. पण दिवाळीच्या सुमाराला कणसं मोडताना पाऊस आला. हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता खरा. पण अडतीवर ओलावा चौदा टक्क्यांच्या वर दिसला, की भाव तोडायला निमित्त मिळतं. "ओला विकू नकोस, वाळव," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. गिळले. हप्त्याची तारीख त्याची होती, माझी नव्हे. त्याने निम्मा मका ओलाच घातला, निम्मा अंगणात पसरला.

पुढचे पंधरा दिवस सासूबाई आभाळ बघून ताडपत्री ओढत होत्या. इकडे सौ. रोज रात्री फोन लावून पहिल्यांदा एकच विचारायची, "मळी ऐतेनु?" मी शेजारी बसून नुसता ऐकायचो.