पट कुणाचा, ढाल कुणाची

वजनाशी माझं कधीच जमलं नाही. हल्ली ते जास्त आहे म्हणून डॉक्टर रागावतात. नववीत ते फारच कमी होतं म्हणून आमचे पी.टी.चे सर खूश झाले होते. माझ्या वजनावर खूश झालेला आजवरचा हा एकच मनुष्य.

त्याचं असं झालं. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातली शाळा. पट शंभराच्या आत, आणि त्यात कुस्ती खेळणारी पोरं मोजून तीन. तालुक्याला आंतरशालेय स्पर्धा निघाल्या. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक; ज्या शाळेचे गुण जास्त, तिला फिरती ढाल. चौथा गडी हवा म्हणून सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. सगळ्यांत खालच्या वजनात बसेल असा मी एकटाच होतो.

“सर, मले कुस्ती येत नाही.”

“नाही येत तं काय झालं? तू फक्त उभा राय.”

मी उभा राहिलो. अर्धा मिनिट तरी राहिलो असेन. त्यानंतरचं सगळं मी आडवं पाहिलं.

आमच्या तिघांनी मात्र कमाल केली. तिघांनाही सुवर्ण! पाच त्रिक पंधरा. समोर तालुक्याच्या गावची एक मोठी शाळा होती, तिने दहा पोरं आणली होती. त्यांना सुवर्ण एकच, आणि तेही ज्याच्या वजनात दुसरं कुणी आलंच नव्हतं अशा एका धिप्पाड गड्याचं. तो वजनकाट्यावर चढला आणि सुवर्णपदक घेऊनच उतरला. वर चार रौप्यं. पाच आणि बारा सतरा. ढाल त्यांची. त्या चारांतली तीन रौप्यं आमच्याच पोरांनी चीत केलेल्यांची होती. म्हणजे ज्यांना आम्ही लोळवलं, त्यांच्याच नऊ गुणांनी आम्हांला लोळवलं! मी पुढे बी.कॉम. झालो, बँकेत हजारो बेरजा केल्या; पण अशी बेरीज पुन्हा पाहिली नाही. खामगावच्या चांदीची एवढी ख्याती, पण ती ढाल पत्र्याचीच होती. तरीही परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेरच बघत बसले होते.

‘पट’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. कुस्तीत पट काढला की प्रतिस्पर्ध्याचे पाय जमिनीवरून सुटतात. शाळेचा पट काढला तरी तेच होतं, फक्त पाय लहान शाळेचे सुटतात.

आमच्या बँकेतले एक सहकारी एके काळी लाल मातीत लोळलेले आहेत. ते म्हणतात, “कुस्ती ती कुस्ती. आखाड्यात लहानमोठं नसतं.” असं असेल तर मग वजनकाटा भंगारात द्या की! खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, ते बँटमवेट गटात. तो गटच नसता आणि त्यांना हेवीवेटच्या एखाद्या डोंगरासमोर उभं केलं असतं, तर? शालेय स्पर्धांत आपण वयाचे गट पाडले, चौदा, सतरा, एकोणीस. मुलामुलींचे पाडले. पोराचं वजन किलोकिलोने तोललं. ढाल द्यायची ती मात्र शाळेला, आणि शाळेला कुणी काट्यावर चढवत नाही.

सरकार नगरपालिकांचे अ, ब, क वर्ग करतं. रिझर्व्ह बँक तर दहा हजारांच्या आत वस्ती असली की शाखेला ग्रामीण म्हणते, एक लाखाच्या आत निमशहरी, दहा लाखांच्या आत शहरी, त्यापुढे महानगरी. आमच्या शाखेच्या ठेवी मुंबईच्या शाखेशी ताडून पाहून आमच्या मॅनेजरची कुणी हजेरी घेत नाही. (घेतात कधी कधी, पण खासगीत.)

कुणी म्हणेल, जिगर असली की लहान शाळाही जिंकते. जिंकते ना! अमेरिकेत इंडियाना राज्यात १९५४ साली मिलान नावाच्या गावच्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने बास्केटबॉलचं राज्य अजिंक्यपद मारलं. पुढे त्यावरून सिनेमाही निघाला. सिनेमा निघतो तो अशी गोष्ट रोज घडत नाही म्हणूनच. आणि शेवटी त्याच इंडियानाने १९९७ नंतर बास्केटबॉलमध्ये पटाप्रमाणे गट पाडले. शिवाय बास्केटबॉलला पाच उंच पोरं मिळाली की भागतं. कुस्तीला प्रत्येक वजनाचं एकेक पोर लागतं. सतरा वर्षांखालच्या मुलांचे आंतरराष्ट्रीय नियमांत दहा गट आहेत, ४५ किलोपासून ११० किलोपर्यंत. आमच्या खेड्यात ११० किलोचं म्हणून काही असलंच तर ते सोयाबीनचं पोतं, आणि त्याला वयाचा दाखला मिळत नाही. रिकाम्या वजनात मग माझ्यासारखे भावी कारकून भरावे लागतात. माझा उजवा खांदा पावसाळ्यात अजून त्याची आठवण देतो. ओहायो राज्यात शालेय कुस्तीचे पटाप्रमाणे तीन विभाग आहेत, म्हणून तिथल्या कुस्तीची धार काही बोथट झालेली नाही.

कुस्त्या मात्र फोडू नका. खेड्यातल्या पोराला मोठ्या शाळेच्या पोराशीच लढवा, त्याच्या जिंकण्याला किंमत तिथेच आहे. फोडायची ती ढाल. एक मोठ्या पटाची, एक लहान पटाची. ढालींचा सुकाळ होईल म्हणता? होऊ द्या, पत्रा स्वस्त आहे. यात आणखी एक फायदा दिसतो. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावर वाढलेली कितीतरी पोरं वर्गात सापडली नव्हती. ढालीच्या लोभाने का होईना, पट कमी सांगण्याची सवय तरी लागेल.

गेल्या नोव्हेंबरात आमचे सर हयातीचा दाखला द्यायला शाखेत आले होते. सही केली, चष्मा पुसला आणि काउंटरपलीकडून मला खालीवर न्याहाळलं.

“काऊन रे, आता किती भरते वजन?”

“अठ्ठ्याऐंशी, सर.”

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “तवाच भरलं असतं तं? त्या वरच्या वजनात एकच गडी होता. तू नुसता हरला असता, तरी तीन गुण आले असते लेका.”

पंधरा आणि तीन अठरा. एवढी वर्षं झाली, आणि ही बेरीज माझ्या डोक्यात आली नव्हती.