वाट कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील चार-पाच मुले एक तक्रार घेऊन आमच्याकडे आली. गावाबाहेरील टेकडीवरून गिअरच्या सायकली भरधाव खाली सोडण्याचा छंद त्यांस लागला होता. तेथील जुनी पाऊलवाट वळणावळणाने उतरते; तिला कंटाळून मुलांनी सरळ उतारावरून नवी वाट पाडली. पहिल्या दोन-चार मोठ्या सरींतच त्या नव्या वाटेची घळ झाली आणि तिची माती खालच्या वावरात जाऊन बसली. तेव्हा शेतकऱ्यांनी नव्या व जुन्या अशा दोन्ही वाटांवर बाभळीच्या काट्या टाकल्या. "सर, टेकडी काय त्यांच्या मालकीची आहे?" असा मुलांचा प्रश्न होता. आम्ही त्यांस दटावून परत पाठविले. परंतु दटावणी म्हणजे उत्तर नव्हे, ही रुखरुख मनास लागून राहिली. पुढे असे आढळले की, हाच प्रश्न दक्षिण इंग्लंडातील खडूच्या टेकड्यांवर फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झालेला आहे. तो वृत्तांत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

खडू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वर्गातील फळा उभा राहतो. परंतु त्या प्रदेशात टेकड्यांच्या रांगाच्या रांगा ह्या पांढऱ्या व ठिसूळ दगडाच्या बनलेल्या आहेत. सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळात उबदार समुद्राच्या तळाशी, नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या शैवालांची चुनेदार कवचे थरावर थर साचत गेली; पुढे तो तळ वर उचलला गेला व ह्या टेकड्या झाल्या. उंची म्हणाल तर बेताचीच. साउथ डाउन्स नामक रांगेतील बट्सर ही टेकडी सुमारे २७० मीटर भरते. आपल्या सह्याद्रीची उग्रता तेथे नाही. समुद्रकाठचे पांढरेशुभ्र कडे सोडले तर बाकी सर्व गोलाईदार, हिरवळीने झाकलेले चढउतार, एकामागून एक लाटांसारखे पसरलेले.

ह्या खडूचा एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तो पाणी धरून ठेवीत नाही. पडलेला पाऊस झिरपून जातो व माथा लवकर कोरडा होतो. पूर्वी सखल भागात चिकणमातीचा चिखल व दाट अरण्ये असत. साहजिकच हजारो वर्षे माणसे, गुरे व मेंढरे माथ्यावरूनच चालत आली. म्हणजे तेथील वाट भूगर्भाने आखली आणि पावलांनी कायम केली, असे म्हटले तरी चालेल. साउथ डाउन्सच्या माथ्यावरून विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत जाणारी वाट सुमारे १६० किलोमीटर लांब आहे. ती १९७२ साली राष्ट्रीय वाट म्हणून खुली झाली व मागाहून विंचेस्टरपर्यंत वाढविण्यात आली. तिच्यावर लोहयुगातील किल्ल्यांचे मातीचे तट लागतात, त्याहूनही जुन्या थडग्यांचे उंचवटे लागतात. आणि बिग्नॉर टेकडीपाशी चिचेस्टरहून लंडनकडे जाणारा रोमन लोकांचा सरळ रस्ता तिला आडवा ओलांडून जातो.

अशा ह्या प्राचीन वाटेवर आज डोंगरी सायकली धावतात. जाड टायरांची, भक्कम सांगाड्याची ही सायकल १९७०–८० ह्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांती उदयास आली आणि १९९६ साली ऑलिंपिक सामन्यांतही तिला स्थान मिळाले. परंतु ओबडधोबड वाटांवर सायकल घालण्याची हौस त्याहून जुनी आहे. इंग्लंडात १९५५ सालीच अशा हौशी लोकांनी 'रफ स्टफ फेलोशिप' नावाची मंडळी स्थापन केली होती. पुढे १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांस घोडवाटांवरून जाण्याचा हक्क दिला. केवळ पायी चालणारांकरिता राखलेल्या पाऊलवाटांवर मात्र तो दिला नाही. ह्या हक्कास एक अट जोडलेली आहे. पायी चालणारा किंवा घोडेस्वार समोर आला असता सायकलवाल्याने त्यास वाट दिली पाहिजे. शिवाय, सायकलवाल्यांच्या सोयीसाठी वाट सुधारून देण्याची जबाबदारी ह्या कायद्याने कोणावर टाकलेली नाही. वाट जशी आहे तशी पत्करावी, आणि आपल्याहून मंद चालणारास अगोदर जाऊ द्यावे, असा ह्याचा सरळ अर्थ आहे.

कित्येकांचे म्हणणे असे की, प्राचीन वाटांवर चाकास मज्जावच असावा. चाकाने गवत खरडले जाते, घोडी बुजतात, वृद्ध माणसे दचकतात. आणि तीन हजार वर्षांच्या इतिहासातून घड्याळाकडे पाहात धावणारास त्या इतिहासाचे काय होय? हे आक्षेप पोकळ नव्हेत. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, त्यात गारगोटीचे धारदार तुकडे असतात. अशा जागी ज्याला वेग आवरत नाही तो स्वतःसही संकटात घालतो व दुसऱ्यासही. संपूर्ण १६० किलोमीटर एका दिवसात काटण्याची ईर्ष्या बाळगणारेही आहेत. त्यांच्या दमाचे कौतुक आम्ही करतो, परंतु त्यांनी वाटेत काय पाहिले, असे त्यांस विचारावेसे वाटते.

तथापि मज्जाव हा उपाय आम्हांस मान्य नाही. स्वतःच्या मांड्यांच्या बळावर जो मुलगा टेकडी चढतो, त्यास किल्ला माथ्यावरच का बांधला, हे कोणी शिकवावे लागत नाही. सखल रानातील चिखलात ज्याचे चाक रुतले, त्यास प्राचीन वाट उंचावरून का गेली, हे तत्काळ उमगते. पुस्तकातील चार पानांचे काम तेथे एक चढण करते. अशा विद्येचे दार तरुणांच्या तोंडावर लावून घेणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

परंतु हक्क बेताल वापरला तर काय होते, ह्याचे उदाहरणही त्याच देशात आहे. साउथ डाउन्सच्या वायव्येस खडूच्या टेकड्यांवरूनच 'रिजवे' नावाची दुसरी प्राचीन वाट जाते. एव्हबरी येथील पाषाणवर्तुळाजवळून निघून आयव्हिंग्होच्या टेकडीपर्यंत ती सुमारे १४० किलोमीटर आहे, व थेम्स नदीपर्यंतच्या पश्चिमेकडील भागात सायकलीस मोकळीक आहे. ह्याच वाटेवर दणकट मोटारी व मोटारसायकली हिवाळ्याच्या ओलीत चालविल्या गेल्या आणि तिच्यावर खोल चाकोऱ्या पडल्या. पायी जाणारांस पाऊल टाकणे कठीण झाले, तक्रारी वाढल्या. अखेर २००६ च्या कायद्याने अशा जुन्या वाटांवरील मोटारींचे हक्क पुष्कळ अंशी संपुष्टात आले. आमच्या गावी बाभळीच्या काट्यांनी जे केले, तेच तेथे कायद्याने केले, एवढाच काय तो फरक.

रिजवेच्या शेजारीच अफिंग्टन येथे टेकडीच्या उतारावर एक पांढरा घोडा आहे. जमिनीत चर खणून व त्यांत कुटलेला खडू भरून काढलेली ही आकृती सुमारे ११० मीटर लांब आहे. तेथील मातीची विसाव्या शतकाच्या अखेरीस परीक्षा झाली, तेव्हा ती इसवी सनापूर्वी १३८० ते ५५० च्या दरम्यानची ठरली. आता नवल असे की, हा घोडा आपोआप टिकत नाही. काही वर्षे दुर्लक्ष झाले तर गवत वाढून तो नाहीसा होईल. म्हणून आसपासच्या लोकांनी वेळोवेळी गवत काढून तो स्वच्छ करावा, असा परिपाठ पडला. आजही स्वयंसेवक गुडघे टेकून, हातोड्यांनी नवा खडू ठोकून बसवितात. एवढ्या काळात तेथील राज्ये बदलली, भाषा बदलल्या, धर्म बदलले. तरी प्रत्येक पिढीतील कोणी ना कोणी हे काम केले, म्हणूनच घोडा आज दिसतो.

आता मुलांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर. टेकडीचा सातबारा कोणाच्या नावे आहे, हे तलाठी सांगेल. परंतु आपल्या भाषेत 'वहिवाट' असा एक शब्द आहे. जी वाट अनेकांच्या येण्याजाण्याने सिद्ध झाली, ती आपण एकट्याच्या सोयीने मोडू नये, हे त्या शब्दातच आलेले आहे. मुलांनो, जुन्या वळणाच्या वाटेने सायकल खुशाल न्या; मोळी घेऊन येणारी बाई दिसली तर उतरून उभे राहा; माती ओली असेल तर त्या दिवशी टेकडी सोडून द्या. पालकांसही विनंती आहे की, मुलास महागडी सायकल घेऊन देताना इतकी समजही त्याच्या बरोबर द्यावी.

दटावणीची आमची चूक आम्ही सुधारली, हे सांगून लेख संपवितो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच मुले फावडी व घमेली घेऊन टेकडीवर गेली, व त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. दोन रविवार खपून घळीत दगड रचले. पहिल्या रविवारी शेतकरी बांधावर उभे राहून नुसते पाहात होते; दुसऱ्या रविवारी त्यांतील एक म्हातारबाबा जवळ आले, दगड कसा आडवा बसवावा हे त्यांनी मुलांस दाखविले, आणि जाताना जुन्या वाटेवरील काट्या आपल्या हातांनी बाजूस केल्या. नव्या वाटेवरील काट्या तशाच आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात, असे आता मुलांचेही मत आहे.