दिवाळ्याचा कागद कुठे मिळतो?

एखाद्या दुकानदाराने हात वर केले की वर्ध्यात ती बातमी संध्याकाळपर्यंत बाजारभर झालेली असते. कोणाचे किती अडकले, माल रातोरात कोणी उचलून नेला, प्लॉट मेव्हण्याच्या नावावर कधी चढला, सगळं बोललं जातं. कोर्टात काही दाखल झालंय का, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर याचं उत्तर कुणालाही मिळू शकतं. ते न शोधल्यामुळे घेणेकऱ्याचा दावा राहून जातो आणि कर्जदार नाहक तोंड चुकवत फिरतो.

शोध सुरू करण्याआधी बुडालेला माणूस आहे की कंपनी, हे बघावं लागतं. किराणा दुकान, कृषी केंद्र, एकट्याच्या नावावरची ट्रान्सपोर्ट, दोघा-तिघांच्या भागीदारीतली जिनिंग हे सगळे कायद्याच्या लेखी माणसंच. त्यांचा अर्ज वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' किंवा 'लिमिटेड' असेल तर प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे, म्हणजे थेट कफ परेडला जातं. बिलबुकावर छापलेलं नाव नीट वाचलं तरी निम्मं काम होतं. पुष्कळ पुरवठादार वर्षानुवर्षं माल देतात आणि समोरचा मालक आहे की कंपनी हे त्यांना ठाऊक नसतं.

कंपनीचं दिवाळं वर्धेकरांनी जवळून पाहिलंय. भुगावचा पोलाद कारखाना आधी लॉइड्सचा, मग उत्तमचा, आणि आता एव्होनिथचा. उत्तम व्हॅल्यू स्टील्स आणि उत्तम गाल्वा मेटॅलिक्स या दोन्ही कंपन्यांची दिवाळखोरी प्रक्रिया २०१८ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये कारव्हॅल आणि निथिया कॅपिटल यांच्या प्रस्तावाला न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली आणि कारखाना नव्या नावाने चालू राहिला. प्रक्रिया मुंबईत चालली, तरी एवढ्या मोठ्या कारखान्यावर पोट असलेली माणसं या जिल्ह्यातलीच असतात.

कंपनीची प्रक्रिया सुरू झाली की हंगामी दिवाळखोरी व्यावसायिक नेमला जातो आणि नेमणुकीपासून तीन दिवसांत त्याला जाहीर सूचना द्यावी लागते. ती एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात येते, शिवाय दिवाळखोरी मंडळाच्या म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावरही असते. 'नमुना अ' म्हणतात तो हाच कागद. कंपनीचं नाव, प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, व्यावसायिकाचा पत्ता आणि दावा देण्याची शेवटची तारीख त्यात असते. ही तारीख साधारणपणे नेमणुकीपासून चौदा दिवसांची. माल किंवा सेवा देणाऱ्याने 'नमुना ब' भरायचा, कामगार-कर्मचाऱ्याने 'नमुना ड'. उशिरा आलेला दावाही काही काळ घेतात, पण त्या भरवशावर बसू नये.

चार लाखांचं बिल थकलेला पुरवठादार स्वतः कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करू शकत नाही. २४ मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर नेली आहे. मात्र दुसऱ्या कोणाच्या अर्जावर प्रक्रिया सुरू झाली, तर याच चार लाखांचा दावा त्याला दाखल करता येतो, आणि तो केलाच पाहिजे. तोडग्याची योजना न्यायाधिकरणात एकदा मंजूर झाली की तिच्यात नसलेली जुनी देणी संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्टच सांगितलंय. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती बारीक अक्षरांतली चौकट ज्याच्या नजरेतून सुटली, त्याच्या हातात पुढे काही उरत नाही. कामगारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या फंडातला पैसा कंपनी अवसायनात गेली तरी इतर घेणेकऱ्यांत वाटता येत नाही.

आता माणसाच्या दिवाळ्याकडे येऊ. मनाला खरी टोचणी लागते ती इथे. वर्ध्यातल्या छोट्या माणसाला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. पाचशे रुपयांचं देणं फेडता येत नसेल तर अर्ज करता येतो, असं त्यात म्हटलंय. १९२० चे ते पाचशे आजही पाचशेच आहेत! नव्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग लिहून ठेवला आहे. छोट्या कर्जदारासाठी त्यात 'नव्याने सुरुवात' अशी सोय आहे: वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज पुसलं जावं. ती प्रकरणं कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायची आहेत, आणि तसं न्यायाधिकरण नागपूरला आहे. पण २०१९ च्या डिसेंबरपासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता भाग. बाकीचा भाग कागदावरच आहे. पोलाद कारखान्याला दोन वर्षांत नवा जन्म मिळतो आणि पस्तीस हजारांसाठी झोप उडालेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीचा कायदा दाखवला जातो, हा अन्याय आहे.

तरीही तो जुना कायदा जिवंत आहे आणि कामाचाही आहे. अर्ज आपण राहतो किंवा धंदा करतो त्या हद्दीतल्या कोर्टात करायचा. त्यात कर्ज फेडता येत नाही हे कबूल करायचं, प्रत्येक घेणेकऱ्याचं नाव, पत्ता आणि रक्कम लिहायची, आपल्याकडे काय काय आहे ते किमतीसह मांडायचं. ही यादी लिहिणं फार जड जातं. बँक आणि पतसंस्था चटकन लिहून होतात. पण कृषी केंद्राची उधारी, सोनाराकडची गहाण, बहिणीच्या सासऱ्याकडून हातउसने घेतलेले पैसे हे लिहिताना माणूस अडखळतो. एकही नाव गाळायचं नाही. मालमत्ता लपवली तर तो गुन्हा आहे. अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट दुसऱ्याच्या नावे केलेली मालमत्ता कोर्ट परत ओढू शकतं, तेव्हा मेव्हण्याच्या नावचा तो प्लॉटही सुरक्षित नाही.

अर्ज टाकला म्हणजे जप्ती थांबली, असाही समज आहे. तसं नसतं. कोर्टाने नादार ठरवल्याचा आदेश दिला की मग मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि घेणेकऱ्यांना परवानगीशिवाय वेगळी वसुली करता येत नाही. जिच्याकडे घर तारण आहे त्या बँकेचा हक्क मात्र तसाच राहतो. पुढे ऋणमुक्तीचा आदेश मिळाला तरी सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी सुटत नाही. तो मिळेपर्यंत निवडणूक लढवून सरपंच किंवा नगरसेवक होता येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम मात्र प्रत्येक घरात माहीत असायला हवं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाने जो बाईला उतरवता येत नाही तो दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरते बैल आणि बियाणं, हे जप्त करता येत नाही. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते घरही त्यात येतं, तारण ठेवलेलं नसेल तर. नादारीतही हीच यादी लागू होते. शिवाय खरोखर ऐपत नसलेल्या माणसाला निव्वळ कर्ज थकलं म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच बजावलंय. वसुलीवाला दारात उभा राहून आवाज चढवतो, तेव्हा यातलं काहीच कोणी सांगत नाही.

आणि शोध कसा घ्यायचा? ई-कोर्टच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, मग वर्धा निवडायचं आणि पक्षकाराच्या नावाने शोधायचं. वर्षही द्यावं लागतं, आणि चालू व निकाली अशी दोन्ही प्रकरणं बघायची. अडचण येते ती स्पेलिंगची. वानखेडे हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, तेव्हा सुरुवातीची चार-पाच अक्षरंच टाका. सापडलेल्या प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवा, पुढच्या तारखा त्यावर कळतात. संगणकाआधीचं प्रकरण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये चौकशी करावी लागते. कोर्टाचे सगळेच कागद कायम ठेवत नाहीत, मुदत संपलेले नष्ट होतात. पण नादार ठरवल्याचा आदेश राजपत्रात छापणं कायद्याने बंधनकारक असल्यामुळे जुनी नावं तिथे सापडण्याची शक्यता असते. प्रमाणित नक्कल हवी असेल तर नकला विभागात कोर्ट फी लावून अर्ज करायचा, आणि आपण पक्षकार नसू तर नक्कल कशासाठी हवी ते लिहायचं. कंपनीचं असेल तर न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर मुंबई खंडपीठ निवडून नाव टाकलं की आदेश वाचायला मिळतात.

हा प्रदेश एकेकाळी कर्जदाराचा हिशेब मिटवण्याच्या बाबतीत देशाच्या पुढे होता. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा वर्धा ज्या मध्य प्रांतात होतं त्याने १९३३ मध्ये कर्ज तडजोड कायदा केला आणि सावकार व शेतकरी यांना एका मंडळापुढे बसवलं. शेतकऱ्यांसाठीच्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होताच. पॅकेजं आली, कर्जमाफ्या आल्या, पण सगळ्या घेणेकऱ्यांना एकत्र बसवून माणसाचा हिशेब कायमचा मिटवणारं मंडळ पुन्हा झालं नाही. दिवाळखोरी संहितेतला तो अडकलेला भाग लागू करा, ही मागणी जिल्ह्यातल्या व्यापारी संघटनांनी आणि शेतकरी संघटनांनी एका सुरात करायला हवी.

तोवर ज्याच्या घरी हा प्रसंग आहे त्याने वकील परवडत नाही म्हणून थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. अवैध सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर रस्ता वेगळा आहे: २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करायची. जाताना इसारपावती, कोरे सही केलेले स्टॅम्प पेपर दिले असतील तर त्यांची माहिती, आणि पैसे दिल्या-घेतल्याची जी काही चिठ्ठी असेल ती सोबत न्यावी.