एकवीस नंबरचा बाप माणूस

हॉकी म्हणजे आपल्यासाठी धनराज पिल्ले, बरोबर? सध्या मी मात्र आइस हॉकीवाल्या बोर्ये सालमिंगच्या प्रेमात आहे.

लोखंडाच्या खाणींचं किरुना हे स्वीडनच्या उत्तर टोकाचं त्याचं गाव. वडील खाणीतल्या अपघातात गेले, तेव्हा हा पाच वर्षांचा. १९७३ मध्ये टोरांटो मेपल लीफ्सकडे आला. युरोपियन पोरं नाजूक, असा तेव्हा तिकडे ठाम समज. ‘चिकन स्वीड’ म्हणून हिणवायचे, वर काठ्या-कोपरांचा प्रसाद. साहेब पळाले नाहीत. डिफेन्समन ना, सुसाट येणाऱ्या पकसमोर सरळ आडवे पडायचे!

१९७६ च्या कॅनडा कपमध्ये तो टोरांटोत स्वीडनच्या जर्सीत उतरला, आणि अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत उभं राहिलं. पाहुण्या टीमच्या खेळाडूसाठी, बॉस! १९८६ मध्ये स्केटच्या पात्यानं चेहरा फाटला, दोनशेहून जास्त टाके पडले. तरी परतला. १९९६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला स्वीडिश.

२०२२ मध्ये एएलएसनं त्याची वाचाच नेली. नोव्हेंबरात तो टोरांटोच्या बर्फावर शेवटचा आला, तेव्हा शेजारी जुना कॅप्टन डॅरिल सिटलर रडत होता. १२ तारखेला लीफ्सनं सुरुवातीला सहाच्या सहा स्वीडिश खेळाडू उतरवले. २४ ला तो गेला, ७१ व्या वर्षी.

त्या गर्दीत कित्येकांनी त्याला खेळताना पाहिलंही नसेल. बाबांनी सांगितलेला हिरो, एवढीच ओळख. उभं राहायला तेवढी पुरली.